तंबाखूचा धूर करणे

सोमवार, ८ जानेवारी १९७९

सिगारेट सोडली. सोडली म्हणजे सोपानरावांनी सोडायला लावली. हे आमच्या नगरपालिकेच्या आरोग्य समितीचे सभापती. गावठाणातलं जुनं घर, ऊस, म्हशी, आणि आवाज असा की दारं लावून सभा घेतली तरी ती रस्त्यावर ऐकू येते. गेल्या आठवड्यात स्टेशनाजवळच्या मंडईत कुणाच्या तरी विडीच्या थोटकाने बारदानाचा ढीग पेटला. तेव्हापासून त्यांनी डोक्यात घेतलं आहे की मंडई, दवाखाना, वाचनालय आणि सभागृह या नगरपालिकेच्या जागांत विडीकाडी बंद. नियमाचा मसुदा मी करायचा, कारण समितीचा कारकून मी आणि सबंध कचेरीत शुद्ध लिहिणारा एकटा मी. हे दुसरं कारण माझ्या पदरचं नाही, मुख्याधिकारीसाहेब स्वतः म्हणाले.

"खळदकर," सोपानराव म्हणाले, "नियम लिवनाऱ्याच्याच तोंडातनं धूर निघाला तर लोकं आपल्याला जोड्यानं हानतील. आजपासनं बंद."

मी हो म्हणालो आणि संध्याकाळपर्यंत शंभरदा खिसा चाचपला. घरी मृदुलाला सांगितलं. तिने माझ्याकडे जरा विचित्र नजरेने पाहिलं. "एकदम सोडली? जमेल?"

मी म्हणालो, मनुष्याला इच्छाशक्ती नावाची एक चीज असते. ती लसूण निवडत बसली. आमच्या घरात लसूण फार. लग्नाला अजून वर्ष व्हायचंय, पण या राजगुरुनगरच्या मुलीने दोन खोल्यांत लसणाच्या इतक्या जुड्या टांगल्या आहेत की आई पुण्याहून आली तेव्हा म्हणाली, "काय गं, दुकान घालायचंय का?"

गुरुवार, ११ जानेवारी

मसुद्यात मी 'धूम्रपान निषिद्ध' लिहिलं होतं. सोपानरावांनी कागद लांब धरून वाचला.

"ह्ये कुनाला कळनार? लोक म्हनतील, हितं पान खायाची बंदी हाय. मराठीत लिवा की राव."

मराठीत लिहायचं तर 'विडी ओढणे' लिहावं. मग आसपासच्या कंपन्यांतले ऑफिसर सिगारेट पेटवून म्हणणार, ही विडी थोडीच आहे! 'विडी, सिगारेट' लिहावं तर चिलीम राहिली, चिरूट राहिला. यादी करायला घेतली की यादीत नसलेलं काहीतरी निघतंच. सबंध सकाळ टेबलाशी उठबस केली. तोंडात सारखं काहीतरी हवंसं वाटतं. बडीशेप खाऊन खाऊन जिभेला चरे पडले.

डबा खाताना सुचलं: 'तंबाखूचा धूर करणे'. झालं! विडी आली, सिगारेट आली, चिलीम, चिरूट, हुक्का, सगळं एका मुठीत आलं. साहेबांनी समासात पेन्सिलीने 'छान' लिहिलं.

घरी येऊन मृदुलाला वाचून दाखवलं. ती मोरीत होती, म्हणून दाराबाहेर उभा राहून वाचलं. आतून नुसतं "हं" आलं. कसं वाटलं विचारलं, पुन्हा "हं". ही बाई मोरीत दार लावून इतका वेळ दात घासत असते की माझा चहा दोनदा उकळतो. दात स्वच्छ असावेत हे मलाही मान्य आहे, पण नवरा काहीतरी वाचून दाखवतोय तर चूळ भरून बाहेर यायला काय हरकत होती?

मंगळवार, १६ जानेवारी

ठराव मंजूर. माझ्या शब्दाला कुणी हात लावला नाही. समितीवरच्या एकुलत्या एक महिला सभासद प्रभावतीबाई तर म्हणाल्या की किती नेमकं आणि सभ्य लिहिलंय.

या प्रभावतीबाईंचं काल हळदीकुंकू होतं. बाई सुधारक आहेत, वाण म्हणून प्रत्येकीला दाताचा ब्रश दिला. मृदुला तो घेऊन घरी आली, पाटावर बसली आणि हसायला लागली. हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं. मी विचारलं काय झालं, तर म्हणाली, "काही नाही हो. किती उपयोगी वाण आहे." त्यात इतकं हसण्यासारखं काय आहे ते मला उमगलं नाही.

शनिवार, २० जानेवारी

पाट्या लागल्या. पिवळ्यावर लाल अक्षर, दुरूनही वाचता येतं. मी मुद्दाम मंडईत जाऊन उभा राहिलो. पहिला माणूस आला, पाटीसमोर थांबला, एकेक अक्षर लावत वाचू लागला आणि वाचता वाचता त्याने कानावरची विडी काढून पेटवली.

तीन वाजता कंपन्यांची पहिली शिफ्ट सुटली आणि मंडईच्या तोंडाशी सायकलींची रांग लागली. मंडई निरीक्षक जयसिंग दंडाचं पावतीपुस्तक घेऊन एका कामगाराला आडवा गेला. कामगार म्हणाला, "साहेब, सकाळधरनं भट्टीपुढं धूर खाल्ला, त्याची पाटी कुठं हाय ते दावा. तिथली पावती फाडा, मग माझी." चार सायकलवाले हसले. जयसिंगने पुस्तक बगलेत मारलं.

एकही पावती फाटली नाही. घरी येईपर्यंत डोकं भणभणत होतं. शिपायावर ओरडलो, टाकाचं निब मोडलं, चहा कडू लागला. सिगारेट सोडल्यापासून मला कुठे धड बसवत नाही, धड उभं राहवत नाही. मृदुला म्हणाली, "होतं असं सुरुवातीला." हिला काय ठाऊक?

गुरुवार, २५ जानेवारी

पहिला खटला! जयसिंग छाती काढूनच आत आला.

मंडईत कोपऱ्याच्या ओट्यावर शालनबाई म्हणून एक विधवा बसते. नवरा कंपनीत होता, तो गेल्यावर तिला हा ओटा मिळाला. वर बाबासाहेबांचा फोटो, खाली लसूण, सुक्या मिरच्या आणि मिश्री. मिश्री म्हणजे तंबाखू तव्यावर काळीठिक्कर पडेपर्यंत भाजायची, कुटायची, आणि ती भुकटी बायका दातांना लावतात. घासायची आणि तशीच तोंडात धरून बसायची. एकदा लागली की सुटत नाही म्हणतात. असली अडाणी सवय अजून चालू आहे याचंच मला नवल वाटतं.

तर जयसिंगचं म्हणणं असं: "साहेब, विडीवाला झुरका मारून पळतो. ही बाई शेगडी मांडून तास तास तंबाखू भाजती. अख्खी मंडई खोकती. पाटीवर काय लिवलंय? तंबाखूचा धूर करणे. मग ह्यो कशाचा धूर हाय?"

मी मसुदा काढून पाहिला. अक्षरशः बरोबर होतं. मिश्री माझ्या डोक्यातही नव्हती हे खरं, पण शब्द इतका भक्कम की न आठवलेली गोष्टसुद्धा त्यात आली. साहेबांनी ओट्याला सील ठोकायला सांगितलं. शालनबाईने समितीकडे अर्ज केला आहे.

घरी आल्यावर मृदुलाला ही हकीकत रंगवून सांगितली. तिच्या हातातली पळी खाली पडली.

"ओटा बंद? म्हणजे आता तिथे काहीच मिळणार नाही?"

मी म्हणालो, लसूण काय, कुठल्याही ओट्यावर मिळतो.

रविवार, २८ जानेवारी

मृदुलाचं काहीतरी बिनसलं आहे. डोकं दुखतं म्हणते. भाजीत मीठ दोनदा पडलं. मी बोलायला गेलो तर "तुम्हाला काय कळतंय" म्हणून अंगावर आली, मग स्वतःच रडली. सकाळपासून या खोलीतून त्या खोलीत येरझारा. मधेच फडताळातले डबे खाली काढले, प्रत्येकाचं झाकण उघडून पाहिलं, परत लावले. मोरीत जाते ती लगेच बाहेर येते.

गंमत म्हणजे माझीही लक्षणं हीच. फरक इतकाच की माझं कारण मला ठाऊक आहे. ती तर सुपारीलाही शिवत नाही. मग हे काय असावं? दिवस गेले असावेत असं वाटून हळूच विचारलं, तर म्हणाली, "तसलं काही नाही." तो प्रश्न विचारायला नको होता असं तिचा चेहरा पाहून वाटलं.

शुक्रवार, २ फेब्रुवारी

मला एक भीती वाटते आहे, ती इथे लिहून टाकतो. हिला माझ्याशी लग्न केल्याचा पश्चात्ताप होत असावा. गेल्या आठवड्यापासून मी दिसलो की हिच्या कपाळाला आठी. काल शेजारच्या बाईंना सांगत होती, "राजगुरुनगरला गेले असते तर बरं झालं असतं." मला बघून गप्प झाली. मी सदाशिव पेठेतला, मापून बोलणारा, शब्दांचा कीस काढणारा. ती मोकळी, घरात मोठ्याने गाणारी. आता गातही नाही.

तिला बरं वाटावं म्हणून चिंचवडच्या दुकानातून मोठी टूथपेस्टची नळी आणली. तिला दात घासायची आवड आहे, म्हटलं खूश होईल. तिने नळीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"ठेवा तिथं."

एवढंच. नळी अजून तिथंच आहे.

गुरुवार, ८ फेब्रुवारी

सोमवारी शालनबाईच्या अर्जाची सुनावणी. साहेबांनी बोलावून विचारलं, "खळदकर, शब्दावर ठाम आहात ना? माघार घ्यायची असेल तर आत्ताच सांगा." मी म्हणालो, साहेब, शब्द चारी बाजूंनी बांधून काढलाय, कुठून पाणी शिरणार नाही. ते हसले. वरच्या जागेसाठी माझ्या नावाची शिफारस जाणार आहे असंही सुचवलं.

जेवताना हे मृदुलाला सांगितलं. ती म्हणाली, "बाईचं पोट आहे हो त्या ओट्यावर." मी म्हणालो, नियमाला पोट नसतं. वाक्य चांगलं जमलं म्हणून इथे लिहून ठेवतो, जरी तिने ताट अर्धवट टाकलं.

सोमवार, १२ फेब्रुवारी

झालं तसं लिहितो.

समितीच्या खोलीत बसायला जागा नव्हती. मंडईतल्या बायका दारात दाटी करून उभ्या. मी टेबलाच्या टोकाला, इतिवृत्त लिहायला. सभेत कोण काय बोललं ते मी उतरून घ्यायचं आणि पुढच्या सभेत वाचायचं, हे माझं काम.

शालनबाई पदर खोचून उभी राहिली. "मी विडी वढत न्हाई. मी मिश्री इकती. भाजल्यावर धूर व्हनारच की. भाकर भाजली तरी व्हतो."

"भाकरी अन्न आहे," प्रभावतीबाई म्हणाल्या. "मिश्री हल्ली लावतं कोण? चांगल्या घरांतून ती केव्हाच गेली. मी हळदीकुंकवाला घरोघर जाते, मला माहीत आहे."

सोपानराव माझ्याकडे वळले. "खळदकर, सबुद तुमचा. तुमीच सांगा, ह्येच्यात मिश्री येती का?"

मी उभा राहून सांगितलं, "अर्थ स्पष्ट आहे. येते."

सोपानरावांनी मान डोलावली, पण त्यांचं मन तयार नव्हतं. ते शालनबाईला म्हणाले, "बाई, तुझं गिऱ्हाईक कोन त्ये तरी सांग. चार चांगल्या घरची नावं आली तर मला काय तरी बोलता यील."

"त्ये न्हाई सांगनार."

"अगं, तुझ्याच फायद्याचं हाय."

"ओटा गेला तर जाऊ द्या. गिऱ्हाइकाचं नाव मी चारचौघांत घ्येनार न्हाई. लसनाखाली झाकून नेत्यात त्या बाया. का झाकत्यात, त्ये त्यास्नी ठावं आन मला ठावं."

लसणाचा काय संबंध ते मला कळलं नाही. मी लिहीत होतो. तेवढ्यात दारातून आवाज आला, "मी लावते मिश्री." तेही लिहिलं. वाक्य पुरं झालं आणि मग आवाज ओळखीचा वाटला.

मृदुला बायकांमधून पुढे आली. निळं पातळ, डोक्यावर पदर नाही, तोंड पांढरंफटक. पण आवाज स्वच्छ होता.

"मी मृदुला खळदकर. आठवीत असताना दाढ दुखायची, तेव्हा आजीने लावायला दिली, तेव्हापासून लावते. वाईट आहे ते मलाही कळतं. सोडायला बघितली, सुटत नाही. प्रभावतीबाई, तुमच्या वाणाच्या ब्रशाने मी देवाची भांडी घासते. तुम्ही आमच्याही घरी येऊन गेलात, मी तुम्हाला चहा दिला. माझं घर चांगलं आहे की नाही ते तुम्हीच सांगा. धुराचा त्रास होतो हे खरंय. मग मागच्या मोकळ्या जागेत भाजायला सांगा ना. ओटा कशाला काढून घेता?"

मला वाटलं जमीन दुभंगली तर बरं. मग दारातली एक बाई म्हणाली, "मी बी लावती." मागून आणखी एक. सोपानरावांनी टोपी काढली, डोकं खाजवलं.

"आरं, आमची म्हातारी बी लावती की! मला सांगायची लाज वाटत हुती." ते असे हसले की खिडकीच्या काचा वाजल्या. "बदला त्यो सबुद, खळदकर. 'विडी, सिगारेट, चिलीम वढायची न्हाई.' बाईनं मिश्री म्हागं परसात भाजायची. फुडच्या सभेत कायम झालं की ओटा मोकळा."

"चिरूट राहिला," मी म्हणालो. एवढंच माझ्या तोंडून निघालं. सगळे पुन्हा हसले.

घरी आलो. मी तिला काय विचारावं? कधीपासून, ते तिने सगळ्यांपुढे सांगितलंच. मला सोडून सगळ्यांना आधी कळलं असं म्हणावं तर मीही तिथेच बसलो होतो.

मंगळवार, १३ फेब्रुवारी

साहेब आज फार चांगले वागले. म्हणाले, "इतिवृत्तात नाव नको. तुमचं घर आहे, शिफारसीचे कागद वर जायचेत. 'एका गृहिणीने' लिहा." माझ्याही मनात तेच होतं. लिहिलं: 'एका गृहिणीने आपण मिश्री वापरत असल्याचे सांगितले.'

पक्की प्रत घरी आणली होती. मृदुलाने ती वाचली.

"ही एक गृहिणी कोण?"

"तूच."

"मला नाव आहे."

"तुझीच अब्रू राखली मी."

"शालनबाईंनी ओटा सोडायची तयारी ठेवली, पण माझं नाव घेतलं नाही. म्हणून ते मी घेतलं. तुम्ही पुसलंत."

मी म्हणालो, तू मला आधी सांगायला हवं होतंस. तिने प्रत मिटून टेबलावर ठेवली.

"तुम्ही सिगारेट सोडलीत तेव्हा तुमची चिडचिड सगळ्या कचेरीने सोसली, मीही सोसली. माझी सुटायला लागली तेव्हा तुम्ही टूथपेस्ट आणलीत."

मी म्हणालो, मला काय माहीत. ती म्हणाली, "तेच म्हणतेय मी."

गुरुवार, १५ फेब्रुवारी

मृदुला काल सकाळच्या गाडीने राजगुरुनगरला गेली. आई आजारी आहे म्हणाली. तसं पत्र आलेलं मला तरी दिसलं नाही. परत कधी येणार विचारलं तर म्हणाली, "बघू." नळी फडताळात तशीच आहे, आणि तिचा एकही कपडा दोरीवर नाही.

रविवार, १८ फेब्रुवारी

सिगारेट ओढली. पाकीट गावठाणाच्या टोकाच्या टपरीवरून घेतलं, जिथे मला कुणी ओळखत नाही. घरी आलो. खोलीत ओढावी तर धूर शेजारी जाणार, वसाहतीत सगळे कचेरीतलेच. शेवटी मोरीत गेलो, कडी लावली, झरोक्याकडे तोंड केलं. निम्मी झाली तेव्हा शेजारच्यांनी बाहेरून हाक मारली, "खळदकर, आहात का?" मी आतून म्हणालो, "हं."

मग तिथेच, ओल्या फरशीवर, उभा राहिलो. ही मुलगी लग्न झाल्यापासून इथे अशीच उभी राहत होती. मी बाहेरून दार वाजवून माझे शब्द वाचून दाखवत होतो. तोंडाचा वास जावा म्हणून मी लवंग शोधायला लागलो, तर तिच्या फळीवर कोपऱ्यात लवंगांची पुडी सापडली. खाली लसूण, वर लसूण, आणि मला वाटे हिला लसणाची हौस.

मला तिची फार आठवण येते. हे तिला पत्रात लिहायला घेतलं, तीन कागद फाडले. प्रत्येक वाक्य ठरावासारखं होत होतं.

शनिवार, २४ फेब्रुवारी

मंडईत गेलो. शालनबाई बंद ओट्याच्या पायरीवर बसली होती. मी काही बोलायच्या आत म्हणाली, "बाई बऱ्या हायती का?" मी म्हणालो माहेरी गेल्यात. ती म्हणाली, "माझ्यापायी गेल्या, व्हय?" मी म्हणालो, नाही, माझ्यापायी. तिने मान हलवली आणि दुसरीकडे पाहिलं.

सोमवारी सभा.

सोमवार, २६ फेब्रुवारी, सकाळी

आज मागचं इतिवृत्त मी मोठ्याने वाचायचं. सभासद 'कायम' म्हणतात, मग ते पक्कं. एकदा कायम झालं की त्या गृहिणीला कधीच नाव मिळणार नाही.

आत्ता त्या ओळीवर पांढऱ्या कागदाची पट्टी चिकटवली आणि वर पुन्हा लिहिलं. साहेबांना दाखवलेलं नाही. आज सभा भरलेली असणार, कंपन्यांचे दोन ऑफिसरही पाहुणे म्हणून येणार आहेत. हसतील. शिफारसही बहुधा रद्द होईल. आणि इतकं करून ती परत येईल याची तरी काय खात्री? तिने मला असं करायला सांगितलेलंही नाही. डिंक अजून ओला आहे, पट्टी काढायची तर आत्ताच निघेल.

मंगळवार, २७ फेब्रुवारी, राजगुरुनगर

रजा टाकली आणि नाशिक फाट्यावरून एसटी धरली. चाकणपर्यंत उभा होतो. जागा मिळाल्यावरही बसवेना.

सासूबाई दारातच भेटल्या. ठणठणीत. मी तब्येत विचारली तर म्हणाल्या, "मला काय धाड भरलीय?" मग एकदम आठवल्यासारखं खोकल्या आणि पाणी आणायला आत गेल्या. सासरे मास्तर, ते शाळेत गेलेले. मृदुला मागच्या ओसरीवर सूप घेऊन तांदूळ निवडत बसली होती. मला पाहून उठली नाही. मी जोत्यावर टेकलो.

"शालनबाईंचा ओटा?"

"सील काढलं. आज सकाळी बसल्या असतील."

"आणि मिश्री?"

"मागच्या परसात भाजायची. जयसिंगने स्वतः शेगडी उचलून नेली."

ती तांदूळ निवडत राहिली. एक खडा काढून अंगणात फेकला.

"कागद वाचलात?"

"वाचला."

"काय वाचलंत?"

"सौ. मृदुला मधुसूदन खळदकर यांनी आपण स्वतः मिश्री लावत असल्याचे सांगितले."

"पूर्ण नाव?"

"पूर्ण."

सूप थांबलं. "साहेब काय म्हणाले?"

"काही नाही. माझ्याकडे बघितलं नाही."

"आणि बाकीचे? हसले?"

नाही म्हणावं असं फार वाटलं. "हसले," मी म्हणालो. "कंपनीचे ऑफिसर तर तोंडावर रुमाल धरून."

"मग?"

"मग मला वाटलं, त्यांना नीट ऐकू आलं नसेल. म्हणून मी पुन्हा एकदा वाचलं. सावकाश."

सासूबाई पाण्याचा तांब्या घेऊन दारात आल्या आणि तशाच मागे फिरल्या. मृदुलाने सूप बाजूला ठेवलं, मांडीवरचा कोंडा झटकला.

"जेवून निघू," ती म्हणाली.